डोपामाईन माझ्या बाजूने होता

५ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी आई आहे.

शिंगराची खरी आई परवा पोटात कळ येऊन गेली. शिंगरू चार दिवसांचं. नाव मी ठेवलं, बटण. मामा म्हणाले नाव ठेवायची घाई करू नकोस, आधी जगू दे. बिननावाचा कशाला जगेल कोणी.

दर दोन तासांनी बाटली. पावडरचं दूध, कोमट. बटणने पहिल्या झटक्यात माझं बोट चोखलं. मामांचं नाही चोखलं. मामांच्या बोटाला तंबाखूचा वास होता हे खरं, पण नाही चोखलं हे पण खरं.

निश्चय: बाटली फक्त मीच देणार. आणि हा निळा स्वेटर बटण मोठा होईपर्यंत अंगातून काढणार नाही, म्हणजे त्याला माझा वास पाठ होईल.

दुपार
रात्रीच्या बाटल्या मामी देणार असं ठरलं. मी एकदा झोपलो की उठत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हरकत नाही. रात्री नुसतं दूध असतं. माया दिवसा असते.

६ मार्च
आज रविवार, घोड्यावर बसायला शिकणारी पोरं आली. त्यांचे आईबाप आले की मी चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, खोलीत जातो. लाजतो म्हणून नाही. चंदी मोजायची असते. आज दोन तास मोजली.

खोलीच्या फटीतून ऐकलं. एक बाई मामांना विचारत होती, हा तुमचा भाचा शाळेत नाही का जात. मामा म्हणाले, सोडली. बरोबर आहे, मीच सोडली. शाळेचं म्हणणं वेगळं आहे. हजेरीत माझा नंबर सत्तावीस. पंचवीसला घशात काहीतरी येऊन बसायचं, सव्वीसला ते पक्कं व्हायचं, सत्तावीसला आवाजच नाही. समोर बसलेला असून वर्षभर गैरहजर. नववीत म्हटलं, गैरहजरच आहे तर घरी तरी बसू.

बटण हजेरी घेत नाही. येतो आणि पोटात डोकं मारतो.

८ मार्च. फार वाईट दिवस
डॉक्टरबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर. बटणच्या छातीला फीत लावून वजन काढलं आणि ओठ आवळले. म्हणाल्या पावडरवर हा धरणार नाही. याला घोडीचं दूध पाहिजे, आणि दुधाबरोबर घोडी पण पाहिजे. नाहीतर एक तर जाईल, नाहीतर स्वतःला माणूस समजत मोठा होईल आणि लोकांना लाथा घालेल.

मी मनात म्हटलं, माणूस समजला तर बिघडलं कुठे.

मग त्यांनी हेडमास्तरणीकडे बोट दाखवलं.

हेडमास्तरीण म्हणजे शेवटच्या खोलीतली करडी घोडी. चौदा वर्षांची. नाव मी ठेवलंय, कारण ती चष्म्यावरून बघितल्यासारखी बघते, चष्मा नसताना. सात वर्षांपूर्वी तिला एक शिंगरू झालं होतं, ते विकलं. त्यानंतर तिने कोणावर जीव लावलेला नाही. मामांना तीनदा चावली आहे.

मामा म्हणाले हिला कुठून दूध येणार, ही तर गाभण पण नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या आणू. मग भिंतीवर खडूने मेंदू काढला. तो बटाट्यासारखा दिसत होता. म्हणाल्या, इथे डोपामाईन नावाचा एक पहारेकरी असतो. प्रोलॅक्टिन म्हणजे दुधाचं हॉर्मोन. ते बाहेर पडायला बघतं आणि हा सारखा ओरडतो, आत थांब, आत थांब. आपण जे औषध देणार ते पहारेकऱ्याला काही करत नाही. ते ऐकणाऱ्यांच्या कानात कापूस घालतं. तो ओरडत राहतो, कोणाला ऐकू जात नाही, प्रोलॅक्टिन बाहेर, आणि घोडीला दूध. त्याआधी दोन-तीन इंजेक्शनं, म्हणजे तिच्या अंगाला वाटेल की पोटात पिल्लू होतं आणि आत्ताच झालं.

म्हणजे चक्क खोटं बोलायचं. एका बाईमाणसाशी.

मला त्या पहारेकऱ्याचं फार वाईट वाटलं. बिचारा ओरडतोय आणि कोणी ऐकत नाही. माझं जरा वेगळं आहे, मी ओरडत नाही आणि कोणी ऐकत नाही. पण दुःख तेच.

माझा डोपामाईनवर पूर्ण भरवसा आहे. तो हरणार नाही.

९ मार्च
औषध द्यायचं काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ, सुई नसलेली मोठी सिरिंज, पांढरी पेस्ट, ओठाच्या कोपऱ्यातून जिभेवर. मामा म्हणाले तुझ्यावर विश्वास आहे म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या तिला माणसं आवडत नाहीत आणि हा माणसांत मोडत नाही, म्हणून. त्या हसल्या. मी पण हसलो, तोंड न उघडता.

म्हणजे माझ्याच हाताने माझ्याच पायावर धोंडा. दिवसातून दोनदा.

पण काळजी नाही. दूध काय सिरिंजमधून येतं का.

१० मार्च
नाल ठोकणारे काका आले होते. ते खूर कमी तासतात आणि गप्पा जास्त मारतात. म्हणाले त्यांच्या बहिणीच्या कुत्रीला गाडी लागायची, म्हणून उलटीचं औषध चालू केलं. पंधरा दिवसांत कुत्रीला दूध उतरलं आणि तिने मेहुण्याची डावी चप्पल कुशीत घेतली. चाटायची, झाकायची, जवळ गेलं की गुरगुरायची. मेहुणा आठवडाभर एका पायात चप्पल घालून हिंडला. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या होतं असं, त्या औषधाचा कापूस पण त्याच जातीचा.

मामा पोट धरून हसले. मामी म्हणाली, चप्पल तरी कोणाच्या उपयोगी पडली. आणि मामांकडे बघितलं.

मला हसू आलं नाही. मी त्या चपलेचा विचार करत होतो. तिला काय कळत असेल.

१२ मार्च
हेडमास्तरणीच्या पोटाखाली बघितलं. काही नाही. कास सुकलेल्या लिंबासारखी. डोपामाईन जोरात आहे.

बटण जरा बारीक दिसतो, पण त्याचा बांधाच तसा आहे. तरी पण वजनाची फीत परत येणार, म्हणून बाटलीत पावडर एकाऐवजी दोन चमचे घातली. आई असं करतेच.

आणखी एक. आज सकाळचा डोस भिंतीला दिला. एकदाच. प्रयोग म्हणून.

१३ मार्च
लिहायचं नव्हतं.

बटणला पहाटेपासून जुलाब. शेपटी भिजलेली, कान गार. बाटली समोर धरली तर त्याने तोंड फिरवलं. डॉक्टरबाईंनी मानेत सलाईन लावलं आणि विचारलं दूध घट्ट कोणी केलं. सगळे उभे होते. माझ्या घशात पंचवीस झाला, सव्वीस झाला.

मामी म्हणाली मीच असेन, झोपेत दोनदा घातली असेल पावडर.

डॉक्टरबाई मामीला बरंच बोलल्या. मामी ओढणीच्या टोकाने बटणची शेपटी पुसत राहिली. माझ्याकडे तिने बघितलं पण नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळचा डोस पूर्ण दिला. हेडमास्तरणीने सिरिंज चाटून पुसून साफ केली. भिंत पण मी धुतली.

डोपामाईन, माफ कर. थोडे दिवस.

१५ मार्च
बटण उभा आहे. पितो थोडं.

हेडमास्तरणीची कास भरली. लिंबू होतं तिथे आता मोसंबी. डॉक्टरबाई म्हणाल्या आता हाताने काढायचं, दिवसातून पाच वेळा. जितकं काढाल तितकं येईल. कोण काढणार म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

स्टूल घेतलं. पहिल्यांदा तिने पाय आपटला. मी बोललो नाही, तसा मी बोलतच नाही. अर्धा तास नुसतं डोकं तिच्या पोटाला टेकवून बसलो. मग चार चमचे आलं. हात स्वेटरला पुसले.

मामा म्हणाले शाबास. हे फक्त बटणच्या पोटासाठी चाललंय, त्याच्या आणि माझ्या नात्याचा याच्याशी संबंध नाही.

१७ मार्च
आज लिटरभर आलं. तेच गरम गरम बाटलीत भरून बटणला दिलं. माझ्या हाताने. म्हणजे हेडमास्तरीण ही दुधाची टाकी झाली आणि आई मीच राहिलो. ही व्यवस्था मला मान्य आहे. तशी सगळ्यांना सांगायला पाहिजे. सांगणार.

डॉक्टरबाई म्हणाल्या तीन दिवसांनी दोघांना एकत्र आणून बघू. घेतलं तर घेतलं. कधी कधी घोडी परक्या पिल्लाला लाथ घालते, आणि एवढंसं पिल्लू एका लाथेत संपतं. मामांचा चेहरा उतरला.

मी शांत आहे. दूध येणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. कापूस कानात घालता येतो, काळजात नाही. ती त्याला घेणार नाही. मी मध्ये उभा राहीन, लाथ लागू देणार नाही, आणि मग सगळं पूर्वीसारखं.

१८ मार्च
बटण माझ्या मागे वेडा झालाय. आधी बाटली बघून यायचा, आता बाटली नसली तरी येतो. स्वेटरची बाही चोखतो, पोटापाशी नाक खुपसतो, सोडत नाही. मामीला दाखवलं. म्हणाली, दिसतंय, पण तो स्वेटर एकदा धुवायला टाक, कडक व्हायला लागलाय.

मुळीच नाही. हा त्याला माझा पुरावा आहे.

दुपारी बटण झोपला तेव्हा स्वेटर त्याच्या अंगावर घातला. काढणार नाही असा निश्चय होता, पण हे काढणं नाही, हे पांघरणं आहे. उठल्यावर परत मी घातला. पाच वेळा दूध, मध्ये बटण, परत दूध, परत बटण. स्वेटरला उसंत नाही.

२० मार्च. दुपार
झालं.

मामांनी हेडमास्तरणीला दोरीने धरलं. मी बटणला घेऊन तिच्या खांद्यापाशी उभा राहिलो, डॉक्टरबाईंनी सांगितलं तिथे. त्यांच्या हातात वाटी होती. तिचंच दूध पिल्लाच्या अंगाला चोळतात म्हणे, म्हणजे घोडीला आपला वास येतो. त्या वाटीत बोट बुडवणार एवढ्यात हेडमास्तरणीने मान वळवली. कान मागे. मी मनात म्हटलं, आता. मी मध्ये सरकलो.

तिने आधी मला हुंगलं. पोटापासून बाहीपर्यंत. मग मला नाकाने बाजूला केलं, जसं दार लोटतात, आणि बटणला हुंगलं. पाठ, मान, शेपटी. परत मला. परत त्याला.

मग तिने घशातल्या घशात आवाज केला. हळू, खालच्या सुरात, डबा घरंगळत गेल्यासारखा. सात वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता असं मामा म्हणाले. त्यांचा आवाज पण खालचा होता. तिने बटणला कानापासून चाटायला सुरुवात केली. बटण वाकडातिकडा चालत तिच्या पोटाखाली गेला, दोनदा चुकीच्या पायाला लागला, आणि मग दुधाला लागला.

बाटली माझ्या हातात होती. भरलेली.

डॉक्टरबाईंनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या हिने हा आधीच ओळखलाय, याला काय लावलंस. मी नाही अशी मान हलवली. त्या माझ्याजवळ आल्या, माझी बाही नाकाला लावली, आणि म्हणाल्या अरे, तूच तर करून दिलीस ओळख. पाच दिवस तिचं दूध तू अंगावर वागवतोयस आणि हा त्यात झोपतोय. एवढं मला नसतं सुचलं.

सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. मामांनी पाठीवर थाप मारली.

मी चंदीच्या खोलीत गेलो. चंदी मोजायची होती.

२१ मार्च
फितुरांची यादी.
डॉक्टरबाई. खडूसकट.
हेडमास्तरीण. आयत्या बिळावर नागोबा.
बटण. खाल्ल्या घरचे वासे मोजतो. आज मी गेलो तर पोटाखालून एक डोळा काढून बघितलं आणि डोळा परत आत.
मामी. (खोडलं.)
स्वेटर. याने तर केसाने गळा कापला. मी याला माझा समजत होतो आणि हा पाच दिवस तिच्यासाठी काम करत होता. बटण बाही चोखायचा ते पण आता लक्षात आलं. ते लिहिणार नाही.
माझे हात. दिवसातून पाच वेळा.

डोपामाईन यादीत नाही. तो ओरडत होता, कोणी ऐकलं नाही.

२३ मार्च
नवा प्लॅन. मला आधीच सुचायला पाहिजे होतं.

हे सगळं औषधाचं आहे. कुत्रीने पण चपलेला जवळ केलं होतं, पण औषध थांबल्यावर काय? नालवाल्या काकांना विचारायला स्वतः गेलो. स्वतः. त्यांना वाटलं कुठेतरी आग लागली. म्हणाले औषध बंद केल्यावर आठवड्यात कुत्रीने चपलेकडे बघितलं पण नाही, मेहुण्याने परत घातली.

म्हणजे आशा आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या परवा संध्याकाळनंतर औषध बंद. कापूस निघेल, डोपामाईनचा आवाज परत ऐकू जाईल, हेडमास्तरीण शुद्धीवर येईल, बघेल की हे कोणाचं कारटं, आणि बटण येईल माझ्याकडे.

मी लगेच माफ करणार नाही. एक दिवस तरी घेईन.

२५ मार्च. संध्याकाळ
शेवटचा डोस मीच दिला. तिच्या कानात सांगितलं, आता खरं खरं वाग.

२७ मार्च
बाटली उकळून, थर्मासमध्ये दूध, तयार. दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. चार तास. तिने मला बघून कान मागे केले आणि बटणच्या आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली. आधी मला चालवून घ्यायची.

कापूस निघायला वेळ लागत असेल.

२९ मार्च
आज चार दिवस झाले. डॉक्टरबाई आल्या. बटण इतका भरलाय की फीत दुसऱ्या आकड्यांवर गेली. मी विचारलं. माझ्याच तोंडातून, सगळ्यांसमोर. विचारलं की आता औषध नाही, मग दूध अजून कसं आणि ती अजून अशी कशी.

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या बटाट्याकडे बघितलं. म्हणाल्या औषध फक्त दार उघडण्यापुरतं. एकदा पिल्लू प्यायला लागलं की त्याच्या चोखण्यानेच पहारेकरी गप्प होतो. रोज थोडा थोडा. आता त्याला गप्प करायला आमची गरज नाही. आणि माया म्हणशील तर ती काही सिरिंजमध्ये नव्हती. चपलेला चोखता येत नाही रे, म्हणून कुत्री विसरली.

म्हणजे डोपामाईन पण. बटणने नुसतं तोंड लावलं आणि हा गप्प. एवढा भरवसा टाकला होता.

यादीत घातला. सगळ्यात वर.

मामा म्हणाले, बघा, पोरगा बोलला. मामी म्हणाली, दूध पाच वेळा काढून काढून त्याचं तोंड सुटलं. आणि तिने स्वेटर माझ्या अंगातून ओढून काढला आणि बादलीत घातला. मी अडवलं नाही. ती म्हणाली, पावडर दोनदा घालणारा स्वेटर तरी एकदा धुतो का कधी. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मामीला यादीतून खोडलं होतं ते बरं झालं.

३० मार्च. सकाळी ६.१०
स्वेटर वाळला. साबणाचा वास. आता तो फक्त माझा आहे, आणि फक्त माझा वास कसा असतो ते मला माहीत नाही.

घालून शेवटच्या खोलीत गेलो. बाटली नेली नाही. बटण पीत होता. थांबला, माझ्याकडे आला, बाही हुंगली, पोट हुंगलं, काही सापडलं नाही, परत गेला. राग नव्हता त्याच्यात. नवीन माणूस आला तर जसं बघतात तसं.

हेडमास्तरणीने गवतातून मान वर काढली. चष्म्यावरून बघितलं. बराच वेळ. नंबर येतो तसं वाटलं. पंचवीस. सव्वीस.

हजर, मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. का ते माहीत नाही. ती थोडा वेळ थांबली आणि मग परत गवत खायला लागली.